बुजवलेली सांद

आबा, तुम्ही जिथे पाटावर बसून जेवायचात तिथे आता मोटारसायकली लागतात. आपलं घर पाडून जी इमारत उभी राहिली तिच्या दुसऱ्या मजल्यावर मी आणि आई राहतो. तळाला नुसते खांब आणि पार्किंग, त्यामुळे पूर आला तर गाड्या भिजतात, माणसं भिजत नाहीत. उंची मी ठरवली. या वेळी भरपूर ठेवली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, तेव्हा हे तुम्हाला कळवायची तशी काही गरज नाही. पण मी पन्नाशी ओलांडली आहे, मला अधूनमधून कडकडून भांडावंसं वाटतं, आणि अख्ख्या बाजारपेठेत तुमच्या तोडीचं भांडणारं माणूस आता उरलेलं नाही.

तुम्ही गवंडी होतात आणि चांगले होतात, हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे वाईट लिहायला मी मोकळी. महाडात पावसाळ्यात सावित्री आणि गांधारी नद्या बाजारात येऊन जातात, त्याचं कुणाला नवल नाही. म्हणून बाजारपेठेत घर बांधायचं तर दोन गोष्टी लागायच्या, कमरेएवढं दगडी जोतं आणि शेजारच्या घरापासून सुटलेली सांद. सांद म्हणजे दोन भिंतींच्या मधली हात-दीड हात रुंदीची मोकळी जागा, पुढच्या रस्त्यापासून मागच्या ओढ्यापर्यंत आरपार. तिथे कुणी न्हाणीचं पाणी सोडायचं, कुणी फुटकी बादली टाकायचं, मांजरी व्यायच्या. शेजाऱ्या-शेजाऱ्यांची तोंडं वर्षानुवर्षं बंद असली तरी सांद मात्र उघडी असायची. एखादा घरमालक म्हणाला की एवढी जागा कशाला फुकट घालवायची, भिंत थोडी सरकवा, तर तुम्ही थापी धुऊन पिशवीत टाकायचात आणि चालू लागायचात. पाणी येतं त्याचं काय नाय, पण आलेलं गेलं पायजे, एवढंच तुम्ही म्हणायचात. मालक दुसऱ्या दिवशी आपल्या ओट्यावर येऊन बसायचा. तुम्ही त्याला चहा होईपर्यंत ताटकळवायचात, आणि मग जणू त्याच्यावर उपकार करताय अशा चेहऱ्याने निघायचात.

तुमचा तो काटेकोरपणा लोकांना फार आवडायचा, कारण त्यांना तो घरी घेऊन जावा लागत नव्हता. आम्हाला तो रोज जेवायला असायचा. मी चौथी-पाचवीत असेन. आईने नवीन चूल घातली होती, लाल मातीची, दोन वैलांची, आणि तिच्यावर पहिलाच भात चढवला होता. तुम्ही कामावरून आलात, हातपाय धुतलेत आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहून चुलीकडे बघत राहिलात. मग पिशवीतून ओळंबा काढलात. डाव्या बाजूचा थर बोटभर कलला होता. आई म्हणाली, भात उतरू दे, मग बघू. तुम्ही तपेलं फडक्यात धरून खाली ठेवलंत आणि पायाने चूल मोडलीत. रागाने नाही, आबा, तीच तर गंमत आहे. अगदी शांतपणे, वाकडा थर उतरवतात तशी. आईने मागच्या अंगणात तीन दगड मांडून अर्धा कच्चा भात पुन्हा शिजवला आणि तुम्हाला आधी वाढला. तुम्ही जेवताना म्हणालात की दगडांवरचा भात चांगला लागतो.

पोलादपूरचं तर विसरणं शक्यच नाही. हायवेच्या नाक्यावर एक लॉज उठत होतं, त्याचं जोतं तुमच्याकडे होतं. उन्हाळ्याची सुट्टी होती आणि मी तेरा वर्षांची. पाण्याच्या नळीचं दुसरं टोक धरायला तुम्ही मला न्यायचात. पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी, आत पाणी भरलेलं, एका कोपऱ्यावर तुम्ही धरायचं, दुसऱ्यावर मी. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला उभं राहतं, तिथे रेघ मारायची, की झाली लेव्हल. मला हे इतकं आवडायचं की मी श्वास रोखून उभी असायची. त्या दिवशी नळीत मध्ये कुठेतरी हवा अडकली होती. मला दिसली नाही. दुपारपर्यंत एका बाजूचे दोन थर बसले आणि मग तुमच्या लक्षात आलं की कोपरा दोन बोटं खाली आहे. तुम्ही सात-आठ माणसांसमोर माझ्या थोबाडीत मारलीत. ते एक वेळ चाललं असतं, थोबाडीत कुणाच्या बसत नव्हत्या तेव्हा. पण नंतर सगळी माणसं सावलीत भाकरी खायला बसली तेव्हा तुम्ही मला नळी धरून उन्हात उभं केलंत, आणि हसत हसत त्यांना म्हणालात, "पोरीच्या हातात लेव्हल दिली, चूक माझीच हाय." ती माणसं हसली. त्यांतला एक जण तर आपल्याच आळीतला होता. परतताना एसटी स्टँडवर तुम्ही मला उसाचा रस घेऊन दिलात, एकच ग्लास, स्वतःला घेतला नाहीत. मी तो पूर्ण प्यायले, याचा मला अजून राग येतो.

मग मी डिप्लोमा केला, सिव्हिलचा, तुमच्या नाकावर टिच्चून. तुम्ही फी भरलीत, कधी विचारलं नाहीत काय शिकते. निकालाच्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोर ठेवलंत. गमबूट होते, काळे, एमआयडीसीतल्या कुठल्या तरी ओळखीच्या माणसाकडून आणलेले, पुरुषी मापाचे. माझे दोन पाय एका बुटात मावले असते. साइटवर खिळा घुसंल, एवढं बोलून तुम्ही बाहेर गेलात. आई म्हणाली, बघ, तुझी काळजी आहे त्यांना. मला वाटलं की तुम्ही माझी थट्टा केलीत. आज मला वाटतं, दोन्ही खरं असेल, तुम्हाला एका वेळी एकच गोष्ट करणं कधी जमलं नाही. मी ते बूट कधी घातले नाहीत.

त्या दहा-बारा वर्षांत आपली बाजारपेठ कशी बदलली ते तुम्ही ओट्यावर बसून बघितलंत. बिरवाडीच्या बाजूला कारखान्यांमागून कारखाने आले, त्यांतले साहेबलोक भाड्याच्या खोल्या शोधत फिरायला लागले, मग त्यांच्यासाठी बँका, लॉज, दवाखाने, कुरियरवाले, एसटीडी बूथ, पुढे मोबाइलची दुकानं. गिऱ्हाइकाला पाच पायऱ्या चढून साबण घ्यायचा कंटाळा आला. सगळ्यांना रस्त्याला लागून शटर हवं होतं. आणि रस्ता तर दर दोन-तीन वर्षांनी जुन्यावरच नवा थर घेऊन उंच होत गेला. आपल्या घराच्या पाच पायऱ्यांतल्या दोन त्याने गिळल्या. तुम्ही मात्र शेवटपर्यंत पाचच म्हणत राहिलात. कुणी पोरगा मोजून तीन म्हणाला तर त्याच्यावर खेकसायचात.

आपल्या शेजारची दोन घरं एका शेठनी घेतली तेव्हा मी त्यांच्याकडेच साइटवर होते. तीन मजली कॉम्प्लेक्स, खाली बारा गाळे. माझ्यावर सोडलेलं पहिलं मोठं काम. आपलं घर आणि ती जागा यांच्यामध्ये तुमची सांद होती, तुम्हीच तरुणपणी राखलेली. जिना कुठे घ्यायचा हा प्रश्न होता आणि जिना तिथे अगदी फिट बसत होता. कागदावर ती सांद कुठे दाखवलेलीच नव्हती. मी तिच्यावर जिना काढला.

तुम्ही आलात ती वेळ मला पक्की आठवते, कारण स्लॅबचं सामान उतरत होतं आणि शेठ स्वतः हजर होते. सकाळचे अकरा. तुम्ही धोतर वर खोचून खड्ड्याच्या काठावर उभे आहात, हातात काही नाही. माझ्याशी बोलत नाही, माझ्या गवंड्याशी बोलता. त्याला म्हणता, ही सांद बुजवलीस तर आख्ख्या आळीत पाणी तुंबंल. तो माझ्याकडे बघतो. मग तुम्ही माझ्याकडे वळता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "हिला काय विचारतोस? हिला नळीतली हवा दिसत नाय." माणसं हसतात. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, आबा. माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती. मी वॉचमनला हाक मारली आणि सांगितलं, या बाबांना बाहेर सोडून ये, साइटवर परक्या माणसाला येऊ द्यायचं नाही. वॉचमनने तुमचा दंड धरला. त्याच्या पायात ते गमबूट होते. मी त्यालाच देऊन टाकले होते, त्याला बरोबर बसले. तुम्ही आधी त्याच्या पायांकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि स्वतःहून चालत गेलात.

खरी गोष्ट पुढची आहे आणि ती तुम्हाला कुणी सांगितली नसणार. तुम्ही गेल्यावर शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, म्हातारा जुना माणूस आहे, दोन फूट सोडायला माझी हरकत नाही, जिना आत घेऊ. शेठ, बाहेरचा माणूस, पैशाचा लोभी, सगळी आळी त्यांना नावं ठेवायची, ते तयार होते. मी म्हणाले, काही गरज नाही, जुन्या लोकांच्या समजुती असतात. दुसऱ्या दिवशी मी उभी राहून सांदीत दगड-विटांचा डबर टाकून घेतला. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला आमची भिंत लागली. आई आतून ठोके ऐकत होती.

पहिल्याच पावसाळ्यात तुमचं खरं झालं. एरवी पाणी यायचं आणि चार तासांत उतरायचं. त्या वर्षी आपल्या घरात ते दीड दिवस गुडघाभर उभं राहिलं, गाळ सोडून गेलं आणि भिंतींना ओल चढली ती उतरलीच नाही. आईचे सांधे धरले. मी तिला माझ्या भाड्याच्या खोलीत घेऊन आले, वरच्या अंगाला, जिथे पाणी पोचत नाही. तुम्ही आला नाहीत. खाटेखाली विटा लावल्यात आणि ओट्यावर माझ्या भिंतीकडे तोंड करून बसायला लागलात. येणारा-जाणारा विचारायचा, काय बघता? तुम्ही म्हणायचात, लेकीचं काम बघतोय.

मी आईजवळ निरोप दिला होता. एकदा माझ्या दारात येऊन म्हणा की पोरीला कामातलं कळतं, उद्या जिना फोडून सांद मोकळी करून देते. हे मी खरंच केलं असतं का, मला माहीत नाही. पण मला ते वाक्य हवं होतं. इतकं हवं होतं की त्याच्यापायी एक म्हातारा माणूस ओल्या घरात राहतोय याचं मला काही वाटेनासं झालं होतं. आई निरोप घेऊन गेली आणि तुमचा घेऊन आली. तिने तो मला पोळ्या लाटता लाटता सांगितला, मान वर न करता. "म्हणाले, भिंतीला भोक नको, तिच्या डोक्याला पाड." मी हसले. तुमची जीभ मला आवडायची, हे एक वाईट. माझीही तशीच आहे, हे दुसरं.

दोन पावसाळे तसेच गेले. तिसऱ्या वर्षी जुलैत रात्रभर कोसळून सकाळी नगरपालिकेचा भोंगा झाला. आईने मला दारातच धरलं आणि म्हणाली, आधी त्यांना आण, मग तुझं काम कर. मी हो म्हणाले. साडेआठला कॉम्प्लेक्सवर पोचले तेव्हा रस्त्यावर घोट्याइतकं पाणी होतं आणि तुम्ही ओट्यावर चहाची बशी घेऊन बसला होतात. मी तुमच्यासमोरून गेले. चला म्हणायला मला एक श्वास पुरला असता. तुम्ही बशीत फुंकर मारत राहिलात, मी जिना चढले. गाळेवाल्यांचा माल वर चढवायचा होता, माणसं मागच्या बाजूला लागली. साडेदहापर्यंत खालची शटरं अर्धी बुडाली आणि जिन्यात पाणी भरलं.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आपला ओटा सरळ खाली दिसतो. कठड्याला बांबूची शिडी टेकवलेली होती, नवी, सोळा पायऱ्यांची. ती खाली सोडली असती तर ओट्यावर टेकली असती, मी मापं घेणारी बाई, मला ते बघूनच कळत होतं. पाणी ओट्यावर चढलं, तुम्ही उभे राहिलात. मग खांबाला धरलंत. माझ्याजवळचा एक मजूर म्हणाला, "बाय, शिडी टाकू काय?" मी त्याला म्हणाले, थांब, ते सांगतील, आणि त्याला मागे मालाकडे पाठवलं. आता फक्त आपण दोघं होतो. तुम्ही वर बघितलंत. मी खाली बघितलं. मी वाट बघत होते की तुम्ही हाक माराल. तुम्ही हाक मारली नाहीत. पाणी तुमच्या कमरेला लागलं, मग छातीला. असा किती वेळ गेला ते मी कधी मोजलं नाही. शेवटी आळीतली पोरं ट्रकची ट्यूब घेऊन आली आणि त्यांनी तुम्हाला खांबावरून सोडवून नेलं. तुमचे हात खांबाभोवती आखडले होते, ते एकेक बोट उघडून काढावे लागले, हे मी वरून बघितलं.

तिसऱ्या दिवशी ताप भरला. दवाखान्यात बघायला अर्धी बाजारपेठ यायची आणि प्रत्येकाला तुम्ही तेच सांगायचात. "पोरीनं शिडी टाकलीवती. हातातनं निसटली, गेली वाहून. ती तरी काय करंल?" मी खाटेच्या पायथ्याशी उभी असायची. लोक माझ्या पाठीवर हात ठेवायचे. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं तापात बरळताय. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कळलं की तुम्ही ते नीट रचलेलं आहे, जोत्याच्या दगडासारखं. लोक गेले की मी चमच्याने पेज द्यायला पुढे व्हायची, आणि तुम्ही ओठ घट्ट मिटायचात. आईने चमचा घेतला की उघडायचात. असं रोज, अकरा दिवस, तुम्ही जाईपर्यंत. लोकांसमोर मला वाचवलंत आणि एकांतात माझ्या हातचा एक घोट घेतला नाहीत. याला माफ करणं म्हणायचं की काय म्हणायचं, हे मी वीस वर्षं स्वतःला विचारते आहे. मला वाटतं, तुम्ही मला ती शिडी देऊन ठेवलीत, मी रोज उचलावी म्हणून. आई अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगते, पोरीनं शिडी टाकली होती म्हणून. मी आत जाऊन चहा टाकते.

पुढचं काय सांगू? घर राहण्यासारखं उरलं नव्हतं. शेठनीच जागा घेतली, सह्या मी केल्या, आईचा अंगठा मी धरला. मागची आळी सगळी तशीच गेली, आता मुंबईचे लोक येऊन बघतात आणि म्हणतात महाड सुधारलं. या इमारतीला मी चारही बाजूंनी मोकळी जागा सोडून घेतली, शेठ कुरकुरले तरी. पोरं तिथे सायकली लावतात, मी गॅलरीतून त्यांच्यावर ओरडते. समोरचा किराणावाला मागे म्हणाला, बाई, तुम्ही अगदी तुमच्या वडिलांवर गेलात. त्याला वाटलं मला बरं वाटेल. मला बरं वाटलं, आणि त्याचा मला दिवसभर राग आला. आईवर मी ओरडते, कामगारांवर ओरडते, स्वयंपाकाच्या ओट्याला उतार चुकला म्हणून फरशी दोनदा उखडून घेतली, तेव्हा आईने माझ्याकडे फक्त एकदा बघितलं आणि देवघरात जाऊन बसली.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, तुमचा पत्ता मीच पाडलाय. आईलाही वाचून दाखवणार नाही. पण कागदाची घडी करण्याआधी एक दुरुस्ती करायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, हिचं काम नेहमी दोन बोटं चुकलेलं. वर मी लिहिलंय की तुम्ही हाक मारली नाहीत. मारली होती. पाणी छातीला लागल्यावर, वर बघून, एकदाच. "ये गो," एवढंच म्हणालात. मी ते स्पष्ट ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दिसावं म्हणून कठड्यापासून दोन पावलं मागे सरले.